डाव्या कोपऱ्यातला जावई

"एवढंच वाढलंत?" बायकोने विचारलं. डावेउजवे उठले, तिच्या पुढ्यातलं ताट हळूच अर्धं फिरवलं आणि परत जागेवर येऊन बसले.

भाजी ताटात होतीच. पण ती ताटाच्या डाव्या बाजूला होती, आणि डावी बाजू नावाची गोष्ट या बाईच्या जगातून सहा आठवड्यांपूर्वी नाहीशी झाली होती. ताट फिरलं, भाजी उजवीकडे आली, तशी ती तिला दिसली.

"मगाशी का नाही वाढलीत? पाहुण्यांसाठी लपवून ठेवली होती वाटतं?"

"विसरलो," डावेउजवे म्हणाले.

दिवसातून दोनदा ते असे विसरायचे. ती त्यांना दोनदा बोलून घ्यायची. बोलण्यात काडीचा फरक नव्हता हो तिच्या, तीच धार, तोच ठसका. त्यामुळेच तर जास्त भीती वाटायची. माणूस अख्खं बदललं तर निदान कळतं. इथे बाई तीच होती, फक्त अर्ध्या घरातून निघून गेली होती.

आता हे नाव काय, डावेउजवे? तर ते मेव्हण्यांनी पाडलेलं. लग्न ठरलं तेव्हा मुलीकडची मंडळी घर बघायला आली. लोक अशा वेळी सरबत विचारतात, हवापाण्याच्या गप्पा करतात. या गृहस्थांनी होणाऱ्या सासूबाईंना खोलीच्या बरोब्बर मधल्या खुर्चीत बसवलं, गाणं लावलं, आणि समोर वाकून विचारलं, "डावीकडे काय ऐकू येतंय? आणि उजवीकडे?" सासूबाई घाबरल्या. मुलगा कानाचा डॉक्टर आहे आणि ही गोष्ट आपल्यापासून लपवली, असं त्यांना वाटलं. परतीच्या वाटेवर मेव्हण्यांनी बारसं उरकून टाकलं.

डॉक्टर कसले! एका रेडिओच्या दुकानात मागच्या बाकावर बसून चौतीस वर्षं त्यांनी लोकांचे बिघडलेले अँप्लिफायर दुरुस्त केले. बोटांची टोकं तारांना तापल्या कथलाचे डाग देऊन देऊन अशी निबर झालेली की गरम कपबशी ते कडेला धरायचेच नाहीत, सरळ मिठीच मारायचे तिला. दुकानात पोटापुरतं काम, आणि घरी आल्यावर खरं काम.

खरं काम म्हणजे काय, ते सांगते, अवघड नाही. साध्या गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन आवाज असतात, एक डाव्या स्पीकरचा, एक उजव्याचा. दोन्हींत जे सारखं असतं ते समोर मधोमध ऐकू येतं, म्हणजे गाणारा माणूस. यांनी काय केलं, एक डबा बनवला. त्या डब्यात एका आवाजातून दुसरा वजा व्हायचा. सारखं होतं ते सगळं गळून जायचं. मग उरायचं काय? ज्या दालनात ते गाणं झालं त्या दालनाचा घुमारा, भिंतींवरून परत आलेला सूर, खुर्च्यांची करकर, टाळ्या, कुणीतरी घसा खाकरलेला. हे उरलंसुरलं ते किंचित उशिराने मागच्या दोन स्पीकरना द्यायचे. आणि काय सांगावं, दहा बाय बाराच्या खोलीच्या भिंती मागे सरकायच्या! मधल्या खुर्चीत बसलं की आपण त्या दालनातच बसलोय, आजूबाजूला माणसं आहेत, असं वाटायचं.

"म्हणजे तीस वर्षं खपून तुम्ही मला दुसऱ्यांचे खोकले ऐकवताय," बायको म्हणायची.

पण मधली खुर्ची तिचीच. खुर्चीचे चार पाय कुठे ठेवायचे त्यासाठी फरशीवर चार लाल ठिपके होते, नेलपॉलिशचे. तिने जन्मात एकच नेलपॉलिशची बाटली आणली आणि ती यांनी फरशीला लावली. यावरून आठ दिवस अबोला होता. नवव्या दिवशी ती येऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "लावा काय लावायचं ते."

तिच्यासारखे कान शोधून सापडले नसते. टेलिफोनच्या कचेरीत ऑपरेटर होती. एका कानाने लोकांचे नंबर घ्यायची, दुसऱ्या कानाने शेजारणींच्या सुनांच्या भानगडी. आणि दोन्हीकडचं एक अक्षर सांडायचं नाही. त्यामुळे निकाल तिने द्यायचा. जमलं तर म्हणायची, "खोली आली." नाही जमलं तर "अजून भिंत आहे." आणि तिसरा निकाल होता, "जावई रुसले."

हे जावई प्रकरण असं, की चारी स्पीकरना तिने नाती चिकटवली होती. समोरच्या दोघी जावा, कारण दोघींचं पटलं तरच घर उभं राहायचं. मागे उजवीकडच्या स्टुलावर मामा, गरीब बिचारा, कधी तक्रार नाही. आणि मागे डावीकडे कपाटाच्या माथ्यावर चढवलेले जावई. त्यांची तार कपाटामागून यायची, ओढली जायची, कधी निसटायची, कधी घाईत लाल-काळी टोकं उलटी लागायची. तार उलटी लागली की आवाज पोकळ व्हायचा, बादलीत तोंड घालून कुणी बोलावं तसा. मग ही खुर्चीतल्या खुर्चीत डाव्या खांद्यावरून मागे वळायची, कपाटाकडे डोळे वटारायची आणि म्हणायची, "जावई रुसले बघा. जा, मनधरणी करा." तीस वर्षांत तिचा हा निकाल एकदाही चुकला नव्हता. जावयाचा स्वभावही बदलला नव्हता.

सगळ्यात लाडकं रेकॉर्डिंग यांनी स्वतः केलेलं. सव्वीस वर्षांपूर्वी एका सभागृहात एक व्हायोलिनवाला वाजवायला आला होता, तेव्हा दोन मायक्रोफोन उभे करून हे कोपऱ्यात बसले. बायकोला दाराजवळ डावीकडे जागा मिळाली. आणि व्हायोलिन अगदी बारीक, केसाएवढं झालेलं असताना बाईंना ठसका लागला. तो ठसका त्या टेपवर आहे, चांगला खणखणीत. "माझा खोकला काढा," असं ती सव्वीस वर्षं सांगत आली. यांनी काढला नाही. उलट वजाबाकीच्या डब्यातून तो आणखी स्वच्छ निघायचा.

तर अशी ही बाई एका सकाळी पलंगावरून उठायला गेली आणि डाव्या अंगावर कोसळली.

इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळे शाबूत आहेत, कान शाबूत आहेत, हात-पाय हळूहळू बरे होतील. पण मेंदूने डाव्या बाजूची दखल घेणं सोडलंय. तिला डावीकडचं दिसत नाही असं नाही. डावीकडे काही असू शकतं हेच तिच्या मनात येत नाही.

"पण ती तर म्हणते मला काही झालंच नाही," डावेउजवे म्हणाले.

"तेही त्याच आजारात येतं," डॉक्टर म्हणाले.

घरी आणल्यावर त्याचा अर्थ कळला. ती उजवीकडचे केस विंचरायची आणि डावीकडचे तसेच सोडून आरशाला म्हणायची, "झालं." दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटायचा. दंडावर हिरवी-निळी नक्षी उठली होती आणि ती विचारायची, "हे घर अरुंद कुणी केलं?" एकदा डावा तळहात तापलेल्या शेगडीवर टेकलेला राहिला. वास आला तेव्हा डावेउजवे धावले. ती उजव्या हाताने चहा ढवळत होती आणि म्हणत होती, "काहीतरी करपतंय हो."

त्या दिवशी लेकीने ठरवलं. लेक दूरच्या शहरात नोकरीला, आगगाडीने बारा तास. रजा काढून आईजवळ राहिली होती.

"माझ्या घराजवळ शुश्रूषागृह आहे, बाबा. शिकलेली माणसं आहेत तिथे. शनिवारपर्यंत एक खाट राखून ठेवलीय."

"एक?"

"एका खोलीत एकच असते."

"आणि मी?"

"भेटायला येता येतं. चार ते सहा." हे बोलताना लेकीने तोंड खिडकीकडे केलं होतं. "बाबा, तुम्ही बहात्तर वर्षांचे आहात. परवा ती पडली तेव्हा तुम्ही दोघं पाऊण तास फरशीवर बसून होतात. मी बाजारातून आले म्हणून. नाहीतर?"

"आम्ही गप्पा मारत होतो."

"बाबा!"

गप्पा मारत होते हे खरंच होतं. उठता येत नव्हतं हेही खरंच होतं.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, हसरी, दंडाने भक्कम. हे तिला व्यायामवाली म्हणायचे. तिच्याजवळ एक कागद असायचा, त्यावर चाळीस बारीक रेघा इकडेतिकडे विखुरलेल्या. पेन्सिलीने प्रत्येक रेघ कापायची, एवढंच. पहिल्यांदा बायकोने उजवीकडच्या चौदा रेघा कापल्या आणि पेन्सिल खाली ठेवली. "सोपं होतं," म्हणाली. दुसऱ्यांदा पंधरा. डावा अर्धा कागद कोराच.

"शुक्रवारी परत घेऊ," व्यायामवाली म्हणाली. "काका, सारखं डावीकडून बोलत राहा. डावीकडे ओढा त्यांना. एकदा जरी स्वतःहून डावीकडे वळल्या ना, तर घरी ठेवून पुढे नेता येईल असं मी लिहून देईन. नाहीतर ताई म्हणतात तेच बरं."

लेकीने मान डोलावली. तिचा काही राग नव्हता हो बापावर. ती फक्त घाबरली होती.

सोमवारी डावेउजवे टेबलाशी गेले आणि डब्याचं झाकण उघडलं. आवाज कुठून कुठे न्यायचा, माणसाची मान कशी वळवायची, आयुष्यभर दुसरं केलंय काय? ज्या माणसाने भिंती सरकवल्या त्याला एक मान चार बोटं वळवता येऊ नये?

खुर्ची चार ठिपक्यांवर ठेवली. बायकोला बसवलं. व्हायोलिन लावलं आणि फक्त डाव्या स्पीकरमधून सोडलं, मोठ्यांदा. उजवा तोडूनच टाकला.

"कसं वाटतंय?"

"चांगलंय की. पण उजवीकडचा जरा जास्तच बोंबलतोय. कमी करा त्याला."

डावेउजवे उजव्या स्पीकरजवळ गेले, गुडघ्यावर बसले, कान लावला. स्पीकर मुका होता. त्यांनी तार हातात धरून पाहिली, ती कुठेच जोडलेली नव्हती. डावीकडचा आवाज कानात शिरत होता आणि आत गेल्यावर उजवीकडचा होत होता. हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

"शोधताय काय? पडलं का काही?" बायकोने विचारलं.

मंगळवारी त्यांनी दुसरी युक्ती केली. आवाज उजवीकडे सुरू करायचा, तिचं लक्ष तिथे बसू द्यायचं, आणि मग बटण मुंगीच्या पावलाने फिरवत तो डावीकडे न्यायचा. तिची नजर व्हायोलिनमागे सरकू लागली. नजर आली, आली, नाकाच्या शेंड्यापर्यंत आली. आणि तिथे, कुणी दार लावून घ्यावं तशी थांबली.

"बंद का केलंत? रंगात आलं होतं," ती म्हणाली.

व्हायोलिन चालू होतं. तिच्या डाव्या हातापासून दोन हातांवर.

मग बुधवारी मागून. समोर दार असेल तर परसातून जाऊ, असा विचार. उजवीकडून मामांकडे, मामांकडून पाठीमागून कपाटावरच्या जावयांकडे, तिथून पुढे डावीकडे. दहा वेळा फिरवलं. दहा वेळा ती मामांपर्यंत आली आणि हरवली. अकराव्या वेळी यांचा तोल गेला. ज्या माणसाने बेचाळीस वर्षांत आवाज चढवला नव्हता, कारण आवाज चढवला की कानाला त्रास होतो, तो माणूस बटण सोडून उभा राहिला आणि घसा फाटेस्तोवर ओरडला, "अगं डावीकडे! डावीकडे बघ! इकडे! डावीकडे!"

ती दचकली आणि उजवीकडे वळली. तिथे भिंत होती. ती भिंतीला म्हणाली, "ओरडता कशाला? आणि कुणावर?"

डावेउजवे तिच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसले. तिचा डावा हात, तो भाजलेला, पट्टी बांधलेला, त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर कपाळ टेकलं. रडू आवाज न करता आलं, त्यांना तेही नीट जमत होतं.

"अहो!" बायकोने हाक मारली. "अहो, कुठे गेलात? आधी ओरडायचं आणि मग निघून जायचं, ही कुठली रीत? अहो!"

ते तिचा हात धरून बसले होते.

"अहोऽ! मला एकटीला टाकून कुठे गेलात हो?" आता तिच्या आवाजातला ठसका गेला होता. खरोखर घाबरली होती.

मग त्यांना उठावं लागलं. तिचा हात तिच्या मांडीवर ठेवावा लागला, खुर्चीला वळसा घालून उजवीकडे यावं लागलं. नवऱ्याला बायकोजवळ राहायचं तर तिचा हात सोडून यावं लागतं, म्हणजे बघा.

"आलात? कुठे होतात?"

"इथेच."

"हल्ली तुम्ही घरात नसताच," ती म्हणाली आणि उजव्या हाताने त्यांची बाही धरून ठेवली.

गुरुवारी जमिनीवरच्या तारेत तिचा पाय अडकला. पडली नाही, लेकीने वेळेवर धरलं. पण लेकीचा धीर संपला. तिने चारी स्पीकरच्या तारा उपटल्या, गुंडाळल्या आणि पिशवीत कोंबल्या.

"पुरे झालं, बाबा. चार दिवस तुम्ही तिला खुर्चीत बसवून व्हायोलिन ऐकवताय. ती दमते. तुम्ही रडता. मला सगळं दिसतं."

"उद्यापर्यंत तरी..."

"उद्या काय होणार आहे?"

लेकीने कपाटातून सूटकेस काढली आणि आईचे कपडे घड्या घालून त्यात ठेवू लागली. आई शेजारी बसून सूचना देत होती. "कोण चाललंय गं गावाला? तू? स्वेटर घे. माझाच घे."

लेक स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

शुक्रवारी व्यायामवाली दहाला येणार होती. साडेनवाला लेक आईला आंघोळ घालत होती तेव्हा डावेउजव्यांनी पिशवी उघडली. काय करणार आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. युक्त्या संपल्या होत्या. एवढंच डोक्यात होतं की उद्या ती खुर्ची रिकामी असणार, तर आज ती नेहमीसारखी चार स्पीकरांच्या मधोमध बसलेली असू दे. चष्मा न्हाणीघराच्या कट्ट्यावर राहिला होता. तारांच्या लाल-काळ्या खुणा त्यांना एकसारख्या मातकट दिसत होत्या. पण तीस वर्षांची सवय. डोळे मिटूनही जोडीन, म्हणाले. आणि डब्याच्या पाठीमागे, जिथे टेपकडून दोन तारा आत येतात, तिथे एका बाजूची लाल-काळी उलटी लावून बसले.

दाराची घंटा वाजली. व्यायामवाली आत आली, तारांचं जाळं पाहून थबकली. लेक आईला धरून घेऊन आली आणि खुर्चीत बसवताना कपाळाला आठी घालून म्हणाली, "बाबा, परत?"

"पाच मिनिटं," डावेउजवे हात जोडून म्हणाले. हो, हातच जोडले, स्वतःच्या लेकीपुढे. "पाच मिनिटं, बाळ. मग कागद घ्या."

त्यांनी टेप सुरू केली.

पहिल्या सुरालाच त्यांचा चेहरा उतरला. समोरचा आवाज पोकळ, बादलीतला. आणि व्हायोलिनवाला समोरून उठून पार मागे जाऊन बसलेला! तार उलटी लागल्यावर दुसरं होणार काय. जिथे वजाबाकी व्हायची तिथे बेरीज झाली, आणि जो गळून जायला हवा तोच सगळा मागच्या स्पीकरांतून भळभळायला लागला. तीस वर्षांत दुकानातल्या पोरासोरांना ज्या चुकीबद्दल झापलं, तीच, नेमकी आज, तीन माणसांसमोर. ते शरमेने काळेठिक्कर पडले आणि बंद करायला बटणाकडे झेपावले.

"हे काय हो?" खुर्चीतून आवाज आला. चांगला ठसकेबाज. "हा माणूस माझ्या पाठीमागे जाऊन का बसला?"

बटणावरचा हात तिथेच राहिला.

"जावई रुसलेत," बायको म्हणाली. आणि खुर्चीचा हात उजव्या हाताने धरून, ओठ आवळून, तिने मान वळवली. नाकाच्या शेंड्यापर्यंत. तिथे ती क्षणभर अडखळली. मग त्या लावलेल्या दाराला खांदा द्यावा तशी हिसक्याने पुढे गेली, डाव्या खांद्यावरून, मागे, वर, थेट कपाटाच्या माथ्यावर. तिने डोळे वटारले. "जा ना. बघत काय बसलात? मनधरणी करा त्यांची."

व्हायोलिन बादलीत वाजत राहिलं. लेकीने तोंडावर पदर नव्हे, हातातला आईचा ओला टॉवेलच दाबून धरला होता. तिला जावई ठाऊक होते. लहानपणापासून त्यांची मनधरणी बघत आली होती.

व्यायामवालीला यातलं काहीच कळलं नाही. "कोण जावई? ताई, तुमचे मिस्टर आलेत?" तिने दाराकडे पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं की काकू कुठे बघतायत, आणि ती चटकन खाली बसून वहीत लिहायला लागली.

मान पाच-सहा श्वास तिकडे राहिली. मग थकून उजवीकडे परत आली, नेहमीच्या भिंतीशी.

नंतर कागद घेतला. उजवीकडच्या सतरा रेघा. आणि कागदाच्या मध्यापासून डावीकडे, वाकड्यातिकड्या, तीन. "वीस," व्यायामवाली म्हणाली. डावेउजव्यांनी त्या तीन रेघांवरून बोट फिरवून पाहिलं, पेन्सिलीचं ओझं कागदाला जाणवतंय का बघायला.

"एक महिना, बाबा," लेक म्हणाली. "एक महिना बघू. दिवसभर बाई ठेवायची घरात, आणि तारा भिंतीवरून न्यायच्या. नाहीतर मी ऐकणार नाही." खाट दुसऱ्या कुणाला गेली. सूटकेस मात्र तिने रिकामी केली नाही, पलंगाखाली ढकलून ठेवली.

आता तुम्हाला वाटेल, झालं एकदाचं. कुठलं हो!

दुसऱ्या दिवशी डावेउजव्यांनी मुद्दाम तीच तार उलटी लावली. हे त्यांना केवढं जड गेलं हे दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. सुगरणीला रोज जाणूनबुजून खारट करायला लावावं, तसं. ती वळली, रागावली, "जावई रुसलेत" म्हणाली. तिसऱ्या दिवशी वळली, पण उशिराने. पाचव्या दिवशी वळलीच नाही. तिला त्या बादलीची सवय झाली. "बरंय," म्हणाली आणि भिंतीकडे बघत बसली.

ज्या माणसाने जन्मभर चुका दुरुस्त केल्या, त्याच्यावर आता रोज नवी चूक शोधून काढायची पाळी आली. एक दिवस मागचा आवाज फार उशिरा सोडला. एक दिवस जावयांना कपाटावरून उतरवून पलंगावर ठेवलं. एक दिवस समोरच्या एका जावेचा आवाज घोगरा केला. काही चुकांना ती वळायची, काहींना ढिम्म. महिन्यातले तेवीस दिवस गेले होते. पुढच्या आठवड्यात व्यायामवालीचा कागद होता आणि मागच्या वेळी डावीकडच्या तीन रेघांच्या जेमतेम पाचच झाल्या होत्या. डावेउजव्यांनी पलंगाखालच्या सूटकेसकडे बघणं सोडून दिलं होतं. झाडू मारणाऱ्या बाईला सांगितलं होतं, तिथला केर राहू दे.

त्या दिवशी सगळ्या चुका संपल्यासारखं झालं म्हणून त्यांनी अगदी बाळबोध चूक केली. डावं-उजवं सरळ अदलाबदल केलं. डावीकडचं सगळं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. शिकाऊ पोरगासुद्धा अशी चूक करत नाही. व्हायोलिन मधोमधच होतं, त्यामुळे ती निवांत ऐकत होती, पायाने ठेका धरून.

मग व्हायोलिन बारीक होत होत केसाएवढं झालं. आणि उजवीकडून सव्वीस वर्षांपूर्वीचा तो ठसका आला, खणखणीत.

तिचा पाय थांबला.

"अहो, हे काय केलंत? माझा खोकला तिकडे कुठे टाकलात?"

"कुठे?" डावेउजवे डब्यामागून म्हणाले.

"उजवीकडे! मी उजवीकडे कुठे होते? मी दाराजवळ नव्हते का, डावीकडे?"

नऊ आठवड्यांत हा शब्द तिच्या तोंडातून आला नव्हता. इतरांनी शंभर वेळा उच्चारला होता, ओरडून, रडून, समजावून. तिच्या तोंडून एकदाही नाही. डावेउजवे डब्यामागून अर्धे उठले.

"कुठे होतीस? परत सांग."

"कोण?"

"तू. तेव्हा. कुठे बसली होतीस?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. कपाळावर आठी पडली, कुठलीतरी वस्तू आत्ता इथे होती आणि आता सापडत नाही, तशी. ओठ हलले. मग तिने उजवा हात झटकला.

"काय मेलं एकच एक विचारता! भूक लागलीय मला. वाढा."

त्यांनी ताट वाढलं. भात उजवीकडे, भाजी डावीकडे. तिने भात संपवला आणि विचारलं, "एवढंच वाढलंत?"

डावेउजव्यांनी ताटाला हात लावला. फिरवलं नाही. ताटाच्या कडेला बोटं तशीच ठेवून ते मोजायला लागले, एक, दोन, तीन. पंधरापर्यंत थांबायचं ठरवलं. पंधरा झाल्यावर वीसपर्यंत. ती भिंतीकडे बघत होती.

तिसाला त्यांनी ताट फिरवलं.

"हं," ती म्हणाली. "लपवून ठेवली होती ना?"

"हो," ते म्हणाले. मग खिशातून पेचकस काढला आणि उद्याची चूक शोधायला डब्याचं झाकण उघडलं.